काटक्यांची मोळी

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २७:३३ ते २८:१५, २ तीमथ्य ४:९-२१



पवित्र शास्त्राची भूमी ही उन्हाची, विहिरींची आणि दुष्काळाची भूमी होय. थंडीचा उल्लेख तिच्यात थोडा आढळतो. परंतु जेथे तो आढळतो तेथे माणसाची काही ना काही कसोटी लागलेली दिसते. प्रभू येशूला धरून नेले त्या रात्री चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटविला होता, आणि प्रभूला नाकारणारा पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता (योहान १८:१८). प्रभू शलमोनाच्या देवडीत फिरत होता तेव्हा दिवस हिवाळ्याचे होते, आणि त्याच भेटीत लोकांनी त्याला मारण्यासाठी दगड उचलले (योहान १०:२२-३१). बंदिवासात असलेला वृद्ध पौल तीमथ्याला झगा घेऊन येण्यास सांगतो, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. हाच पौल त्याआधी एकदा फुटलेल्या तारवातून मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टा बेटावर, पोहोचला. तेथे पाऊस पडत होता व गारठा होता. तेव्हा त्याला ऊब दिली ती अनोळखी माणसांनी.

मी परिचारिका आहे. मराठी मुलखात शिक्षण घेऊन माझ्या सेवेची बरीच वर्षे म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरच्या परिसरात गेली. थंडी, विश्वास आणि कृतज्ञता या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला प्रथम आजाऱ्यांच्या खाटेजवळ उमगले व मग शास्त्रात सापडले. त्याच क्रमाने हा पाठ आपणांपुढे मांडीत आहे.

१. साधी वाटणारी थंडी

सरगूर हे म्हैसूरच्या नैर्ऋत्येस, कपिला म्हणजेच कबिनी नदीच्या काठचे गाव. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होते. आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. जवळच कबिनीचे धरण आहे. ते १९७४ साली पुरे झाले. पलीकडे बंडीपूर व नागरहोळे यांची अरण्ये पसरली आहेत. अरण्याच्या कडेला जेनू कुरुब, काडू कुरुब, यरव, सोलिग या आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. त्यांना तिकडे ‘हाडी’ म्हणतात. थंडीला कानडीत ‘चळी’ असा शब्द आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीवरून धुके उठते, झोपडीच्या कुडातून दमट वारा आत येतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढा एकच शब्द ऐकू येतो.

खरे पाहता हा हिवाळा काही कडक नव्हे. तेथे बर्फ पडत नाही. नाशिक वा निफाडकडील मनुष्याला तो सुखदच वाटेल. परंतु थंडी किती आहे हे हवेवरून ठरत नाही; ती कोणाच्या अंगाला लागते यावरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांसाठी केलेल्या मार्गदर्शनात एक तुलना दिलेली आहे. २३ अंश सेल्सियसच्या खोलीत उघड्या ठेवलेल्या नवजात बाळाच्या अंगातून जितकी उष्णता जाते, तितकी उघड्या प्रौढ माणसाच्या अंगातून शून्य अंशाच्या थंडीत जाते. आपण ज्या खोलीत पंखा लावून बसतो, तीच खोली नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाला हिमालय होय.

म्हणून दुसऱ्याच्या थंडीचे माप स्वतःच्या अंगावरून काढू नये, हा या पाठाचा पहिला धडा. उशिरा आलेल्या पगाराने एका घरी थोडी चिडचिड होते, तर दुसऱ्या घरी चूल पेटत नाही. एक कठोर शब्द एकजण हसून सोडून देतो, तर दुसरा त्या शब्दाने आठ दिवस झोपत नाही. नियमशास्त्राने गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा दिली आहे (निर्गम २२:२६-२७). कर्ज देणाऱ्याच्या घरी अशी पांघरुणे कितीतरी असतील; ज्याच्याकडे ते एकच आहे, त्याच्या रात्रीकडे देवाचे लक्ष आहे.

२. थंड पडलेले मूल रडत नाही

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्याने अंगात उष्णता निर्माण होते. नवजात बाळाला असे कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेपाशी, पाठीच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची एक विशेष चरबी असते. ती जाळून ते आपले अंग गरम ठेवते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळात हा साठा फार थोडा असतो. तो संपत आला की बाळ मलूल होते, दूध ओढीत नाही. दूध पोटात जात नाही म्हणून रक्तातील साखर उतरते, आणि साखर उतरल्यामुळे ते अधिकच गार पडते. त्याचे रडणे क्षीण होत जाऊन शेवटी थांबते.

अननुभवी नातेवाइकांना वाटते, बाळ आता शांत झोपले. त्यातही फसवे असे की फार गार पडलेल्या काही बाळांचे गाल व हातपाय लालबुंद दिसतात, आणि पाहणाऱ्याला बाळ गोजिरे व टवटवीत वाटते. म्हणून परिचारिकेला डोळ्यांवर व कानांवर विसंबून चालत नाही. तिने आपल्या हाताची मागची बाजू प्रथम बाळाच्या पोटाला व मग तळपायांना लावून पाहावी असे आम्हांला शिकवितात. पोट व पाय दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार व पाय गार असतील तर थंडीने त्याच्यावर ताण आणला आहे. दोन्ही गार लागले तर ते संकटात आहे, आणि एक क्षणही दवडता येत नाही.

वाचकहो, मंडळीतही असेच घडते. जो तक्रार करतो, भांडतो, पाळकांच्या दारी येऊन रडतो, त्याच्यात अजून शक्ती आहे. ज्याचे रडणे थांबले, त्याची आपण चौकशी करीत नाही. तो रविवारी नेहमीच्या बाकावर बसतो, गायनात ओठ हलवितो, नाताळात घरावर चांदणी लावतो. गाल लाल दिसतात, पण पाय गार असतात. एखादी विधवा, नोकरी गेलेला एखादा तरुण, आजाऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करून थकलेली एखादी सून आपल्या ओळीतच बसलेली असेल. हाताने स्पर्श केल्यावाचून, म्हणजे घरी जाऊन, बसून, विचारल्यावाचून हे कळणार नाही. प्रभूने आजाऱ्यांना नुसत्या शब्दाने बरे केले तसेच कित्येकांना हात लावूनही बरे केले. ज्या कुष्ठरोग्याला कोणी शिवत नसे, त्याला त्याने आधी स्पर्श केला (मार्क १:४१).

३. झगा आणि ऊब

आता तीमथ्याला लिहिलेल्या पत्राकडे वळू या. पौलाने त्रोवसात कार्पाच्या घरी आपला झगा ठेवला होता. तो, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे आणण्यास तो सांगतो. सर्व परिस्थितीत तृप्त राहण्यास आपण शिकलो आहोत असे फिलिप्पैकरांस लिहिणारा हाच प्रेषित होय (फिलिप्पै ४:११-१२). तरी झगा मागण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. विश्वास म्हणजे थंडी नाकारणे नव्हे. आणखी एक गोष्ट माझ्यासारखीच्या नजरेस विशेष भरते. त्या वेळी पौलाजवळ लूक होता (२ तीमथ्य ४:११), आणि लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). वैद्य शेजारी असूनही झगा लागतोच. औषधाने पांघरुणाचे काम होत नाही, आणि प्रार्थनेचे निमित्त करून पांघरूण टाळताही येत नाही. उघड्या भावाला ‘ऊब घे’ असे नुसते तोंडाने सांगणाऱ्याविषयी याकोबाने काय म्हटले आहे ते आपण जाणतोच (याकोब २:१५-१६).

परंतु झग्याविषयी एक सत्य ध्यानात घेतले पाहिजे. पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. अंगात असलेली ऊब ते फक्त राखते. आपल्याकडे बाळासाठी टोपडे, कुंची, दुपटे, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी असा सारा बाळंतविडा तयार ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण गार पडलेले बाळ चार गोधड्यांत गुंडाळले तरी ते गारच राहील, कारण राखण्याजोगी ऊब त्याच्याजवळ उरलेलीच नसते. त्याला दुसऱ्या देहाची ऊब द्यावी लागते. ओले कपडे काढून, अंग कोरडे करून, टोपडे घालून त्याला आईच्या उघड्या उराशी धरावे व वरून दोघांना मिळून पांघरावे. खोली बंद करून कोळशांची शेगडी बाळाजवळ ठेवण्याची रीत मात्र सोडली पाहिजे. तो धूर प्राणघातक ठरू शकतो. बाळाची पहिली अंघोळही निदान एक दिवस लांबवावी.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरी १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी या उपायाला रुग्णालयात पद्धतशीर रूप दिले. तेथे कमी वजनाची बाळे पुष्कळ आणि काचेच्या उबदार पेट्या थोड्या होत्या. तेव्हा त्यांनी आईच्या देहालाच ती जागा दिली. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून या रीतीला कांगारू मातृसेवा असे नाव पडले. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. १९२१ नव्हे, अगदी अलीकडे, २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फार कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच उराशी धरल्याने, आधी प्रकृती स्थिर होण्याची वाट पाहण्याच्या रीतीच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

यात विश्वासाचे मर्म आहे असे मला वाटते. आपण पुष्कळदा विश्वासाला गोधडी समजतो; वचने पाठ करतो, उपास करतो, स्वतःला नीट गुंडाळून घेतो, आणि तरी आत गारठा का हे कळत नाही. ऊब आपली नव्हेच; ती येते. देवाने मानवाकरिता वरून केवळ पांघरूण टाकले नाही. तो देह धारण करून आला, आणि गव्हाणीत निजलेल्या त्या बाळाला स्वतःलाही आईने गुंडाळावे लागले (लूक २:७). ऊब देणारा प्रथम आपल्यासारखा थंडीत आला. त्याच्या उराशी जाणे हा विश्वास, आणि ही ऊब माझी कमाई नव्हे हे ओळखणे ही कृतज्ञता.

४. परक्यांनी पेटविलेला विस्तव

तारवात २७६ माणसे होती. चौदा दिवस वादळात काढल्यावर पौलाने भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानले आणि खाल्ले. हे आभार सुटका झाल्यावरचे नाहीत, हे पाहा. त्यानंतर तारू फुटले, माल गेला. जीव मात्र सर्वांचे वाचले. किनाऱ्यावर त्यांना भेटलेले लोक ना यहूदी होते, ना ख्रिस्ती. त्यांची भाषाही निराळी होती. तरी त्यांनी असाधारण दया दाखविली, विस्तव पेटविला व सर्वांना जवळ घेतले. लूकाने हे आवर्जून लिहून ठेवले आहे. ज्यांनी ऊब दिली त्यांचा धर्म विचारण्यापूर्वी त्याने त्यांचा चांगुलपणा नोंदविला.

आपणही आपली नोंदवही अशीच प्रामाणिक ठेवली पाहिजे. ख्रिस्ती वैद्यकीय सेवेचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेले रुग्णालय किंवा म्हैसूर शहरात १९०६ साली सुरू झालेले होल्ड्सवर्थ रुग्णालय यांचे ऋण दक्षिणेकडील लक्षावधी घरांवर आहे. परंतु सरगूरच्या हाड्यांपर्यंत पोहोचलेल्या ज्या हातांची मला आठवण ठेवावी लागते, त्यांत आणखीही हात आहेत. म्हैसूर मेडिकल कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रह्मण्यम यांच्या पुढाकाराने १९८४ साली स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था स्थापिली, आणि पुढे अरण्याच्या कडेला आदिवासींसाठी दवाखाना व शाळा चालविल्या. सरगूर येथील विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल हे त्याच संस्थेचे. त्यांची प्रेरणा आपल्या मंडळीतून आलेली नव्हे. विस्तव मात्र खरा आहे. खऱ्या विस्तवाबद्दल देवाचे आभार मानण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

५. मोळी आणि साप

मिलिताच्या प्रसंगातील एक लहानसे वाक्य आपण घाईने ओलांडून जातो. पौलाने काटक्यांची मोळी गोळा करून विस्तवावर घातली (कृत्ये २८:३). तो बंदिवान होता, भिजलेला होता, वयाने तरुण नव्हता, आणि त्याला शेकत बसण्याचा पूर्ण हक्क होता. परंतु ज्या विस्तवाने आपल्याला ऊब दिली तो जळत राहावा म्हणून तो वाकून काटक्या वेचू लागला. कृतज्ञतेची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही. त्या विस्तवापाशी अजून कोणी कुडकुडत येईल याचे भान त्या काटक्यांत आहे.

हाडीतून एकदा पहाटे एक अज्जी, म्हणजे आजी, आपल्या लेकीचे दिवसांआधी जन्मलेले मूल घेऊन आली. वाटेत वाहन मिळेपर्यंत तिने ते आपल्या लुगड्याच्या आत, उराशी धरून आणले होते. आम्ही शिकवावे असे त्यात काही उरले नव्हते. बाळाचे पोट उबदार होते. पण त्याची फुप्फुसे पुरी तयार झाली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. जाताना ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ती डोक्यावर वाळलेल्या काटक्यांची मोळी घेऊन आली, आणि बाळंतिणींसाठी पाणी तापत असे त्या चुलीपाशी तिने ती उतरविली. मी विचारले तेव्हा ती एकच शब्द बोलली, ‘बेरेयवरिगे’, म्हणजे, दुसऱ्यांसाठी.

मागितलेले मिळाले म्हणून मानलेले आभार आपण सर्वच जाणतो. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकजण परत आला तो बरा होऊनच (लूक १७:१५). परंतु या बाईला जे हवे होते ते मिळाले नव्हते. तिने दुःख लपविले नाही, आणि देवाने हे का केले याचे उत्तर ना तिच्यापाशी होते, ना माझ्यापाशी. तरी तीन दिवस आपल्या नातवाला कोणी उबेत ठेवले, हे तिने विसरून टाकले नाही. हरवलेल्या गोष्टीने मिळालेली गोष्ट खोटी ठरत नाही, हे तिला कळले होते. तारू गेले तरी भाकर मिळाली होती, आणि विस्तवही मिळाला होता.

मोळीत कधी साप असतो, हेही शास्त्र लपवीत नाही. उष्णतेमुळे साप बाहेर निघाला व काटक्या वेचणाऱ्या हातालाच डसला. सेवेचा हात असा पुष्कळदा डसला जातो. रात्रपाळीचा थकवा, कोणाचा संशय, केलेल्या कामाची निंदा हे आमच्या व्यवसायाला नवे नाही. बेटावरील लोक प्रथम पौलाला खुनी म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने देव म्हणू लागले. परिचारिकेलाही एकाच दिवशी ही दोन्ही विशेषणे ऐकावी लागतात. पौलाने दोहोंपैकी एकही मनावर घेतले नाही. त्याने साप झटकून विस्तवात टाकला, आणि पुब्ल्याच्या तापाने व आमांशाने आजारी असलेल्या बापाजवळ जाऊन प्रार्थना करून त्याच्यावर हात ठेवले. हिवाळ्याचे तीन महिने तो त्या बेटावर राहिला.

आपल्याच राज्यात या धड्याचे एक उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यात बाळाला उबेत ठेवणे हाही एक भाग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, इतर गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मोठी यंत्रे नसलेल्या घरांत हे घडले. प्रत्येक बाईने आपापल्या काटक्या आणल्या आणि विस्तव जळत राहिला.

पौलाचा प्रवास संपत आला तेव्हा रोमचे बंधू त्याला भेटण्यास वाटेपर्यंत सामोरे आले. त्यांना पाहून त्याने देवाचे आभार मानले व त्याला धीर आला (कृत्ये २८:१५). वादळात मानलेले आभार आणि वाटेवर मानलेले आभार यांच्या मधोमध ती काटक्यांची मोळी आहे. तिच्यावाचून आभार तोंडचे राहतात. या हिवाळ्यात आपल्या दाराशी कोणी कुडकुडत नसेल, तर ज्याचे रडणे थांबले आहे अशा एखाद्याच्या घरी आपण जावे, आणि तेही हिवाळा सरण्यापूर्वी.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या अडचणीच्या काळी मला ज्यांनी ऊब दिली, त्यांत माझ्या मंडळीबाहेरचे कोण होते? मी त्यांचे आभार मानले आहेत काय?

२. पूर्वी बोलणारी पण आता गप्प झालेली अशी कोणती व्यक्ती माझ्या ओळखीत आहे? तिला भेटण्यास मी कोणता दिवस ठरवीन?

३. मागितलेले न मिळाल्यामुळे, मिळालेल्या कोणत्या गोष्टीचा मला विसर पडला आहे?

४. ज्या विस्तवापाशी मी शेकलो, त्यासाठी या आठवड्यात मी कोणत्या काटक्या आणू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्यासाठी थंडीत आलास. आमच्यापाशी जी ऊब आहे ती तुझी आहे, हे आम्हांस विसरू देऊ नकोस. ज्यांच्या कुशी रिकाम्या राहिल्या त्यांच्याजवळ तू राहा. ज्यांनी ओळख नसता आमच्यासाठी विस्तव पेटविला त्यांना आशीर्वाद दे. आमच्या हातांना स्पर्शाचे भय वाटू नये, आणि डसले गेल्यावरही ते काटक्या वेचीत राहावेत. आमेन.